घोड्याचं पुस्तक

"कुणासाठी?"

हा प्रश्न मास्तरांनी मला पहिल्यांदा विचारला तेव्हा मी फळा पुसत होतो. फळा पुसण्यात कुणासाठी काय असायचं? मी पुसतच राहिलो. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर आपटली आणि म्हणाले, "सांगा की. हाताला चाळा म्हणून पुसताय, की मागच्या रांगेतल्याला नीट दिसावं म्हणून?" मग टोपी पुन्हा डोक्यावर गेली आणि विषय संपला. खुर्ची हलवली, कुणासाठी? कपाटाला रंग दिला, कुणासाठी? चिडले म्हणजे हाच प्रश्न त्यांच्या मैंदर्गीच्या कानडीतून यायचा, "यारिगे?" तो आला की आम्ही सगळे आपापल्या पाटीत डोकं घालायचो.

एकाच प्रश्नावर आयुष्य काढणारा असा एखादा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. लांबून तो गमतीचा वाटतो. जवळ राहिलं की त्याची झळ लागते. मला लागली आहे. इतकी वर्षं झाली, पण त्यांच्यावरचा माझा राग गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो.

सोलापुरात मार्शल लॉ होऊन गेला त्यानंतर थोड्याच वर्षांतली ही गोष्ट. सात रस्त्याजवळ एक जुनं वाचनालय होतं. त्याच्या माडीवर मास्तरांनी ग्रंथपालांचा वर्ग काढला. बडोद्याला राहून ते ग्रंथालयाचं काम शिकून आले होते. अंगात पांढरा सदरा, कपाळावर विभूतीचा पुसट पट्टा आणि कानावर पेन्सिल. गावात त्यांना कुणी ग्रंथपाल म्हणत नसे. 'बुकांचे मास्तर' म्हणत. कपाटातून बूक काढून द्यायला शाळा कशाला लागते, यावर पानपट्टीवर रोज हसणं व्हायचं. चावी फिरवायला शिकवतात म्हणे माडीवर, असं तिथं एक गृहस्थ म्हणाले होते, ते मास्तरांच्या कानावर गेलं. मास्तर म्हणाले, "बरोबर बोलले की. चावी फिरवायलाच शिकवतो. उघडायच्या बाजूनं."

वर्गात आम्ही मोजकेच होतो. मी मराठी शाळेत शिक्षक. माझ्या बाकावर शेजारी जेऊरचा एक तरुण, रेल्वेच्या मालधक्क्यावर उमेदवारी करणारा. बाकीचे कुठल्या ना कुठल्या कचेरीतले. प्रत्येकाला काहीतरी हवं होतं. मला हायस्कूलच्या वाचनालयाची जागा हवी होती. मुख्याध्यापकांनी शब्द दिला होता, पण मान्यता असलेल्या वर्गाचा दाखला आणा म्हणाले होते. आमच्या वर्गाला मान्यता नव्हती. ती मिळावी म्हणून मास्तर वर्ग सुरू झाल्यापासून धडपडत होते. माझी बायको रोज संध्याकाळी विचारायची, मिळाली का तुमच्या मास्तरांना मान्यता?

पहिले कित्येक दिवस त्यांनी आम्हाला नुसतं अक्षर गिरवायला लावलं. पुस्तकांची कार्डं लिहायची, ती सगळ्यांनी एकाच वळणात. उभं, गोल, सुटं अक्षर. जेऊरच्याचं अक्षर मोडीच्या सवयीनं धावायचं. मास्तर त्याच्या पाटीजवळ उभे राहायचे आणि टोपी काढायचे. टोपी आपटायच्या आतच तो म्हणायचा, "वाचणाऱ्यासाठी मास्तर, वाचणाऱ्यासाठी. पर हात ऐकत न्हाय की!" मास्तर हसायचे. म्हणायचे, "कार्ड कुणी लिहिलं ते कळता कामा नये. पुस्तक कुठं आहे ते कळलं पाहिजे. आपलं नाव दिसायला लागलं की समजा, काम बिघडलं."

पुढे पुढे आमची अक्षरं इतकी सारखी झाली की माझी पाटी कुठली ते मलाच ओळखू येईना. शाळेत मी फळ्यावर त्याच वळणात लिहू लागलो. घरी वाण्याची चिठ्ठीही त्याच अक्षरात. बायको म्हणाली, हे अक्षर तुमचं वाटत नाही. मला तेव्हा त्याचा अभिमान वाटला होता.

वाचनालयाचे अध्यक्ष मोठे वकील होते. माणूस वाईट नव्हता. वर्गासाठी माडी त्यांनीच दिली होती, दिवाबत्तीचा खर्चही तेच सोसायचे. पण माहितीपत्रक छापायची वेळ आली आणि एका वाक्यावर अडलं. 'वर्गाचा उद्देश' असं वर लिहून अध्यक्षांनी खाली लिहिलं होतं, 'संस्थेच्या ग्रंथसंपत्तीचे रक्षण करणारे विश्वासू सेवक तयार करणे.' मास्तरांनी ते खोडलं आणि लिहिलं, 'येईल त्याच्या हाती त्याला हवे ते पुस्तक देणारी माणसे तयार करणे.'

"येईल त्याच्या म्हणजे?" अध्यक्षांनी विचारलं.

"येईल त्याच्या."

"अहो मास्तर, उद्या बाजारातला कुणीही येईल."

"यावा की. त्यासाठी तर दार रस्त्याकडं ठेवलंय."

त्या दिवसांत वाचनालयाच्या दाराशी पोलिसांचा माणूस अधूनमधून येऊन बसायचा, कोण कुठलं वर्तमानपत्र वाचतो ते बघायचा. मंडळी भ्यायलेली होती, हेही खरं. छापलं ते अध्यक्षांचंच वाक्य. मास्तर पुढे बोलले नाहीत. फक्त रोज वर्ग भरला की स्वतःचं वाक्य फळ्यावर सगळ्यांत वर लिहायचे, आणि मग शिकवायला लागायचे. रोज लिहायचं, रोज पुसायचं. वाक्यासाठी एवढा हट्ट कशाला, असं आम्हाला वाटायचं. दाखला मिळाल्याशी आमचं काम होतं.

आता कपाटाचं सांगतो. वाचनालयाच्या दिवाणखान्यात काचेच्या दारांचं एक शिसवी कपाट होतं. अध्यक्षांच्या वडिलांच्या स्मरणार्थ दिलेलं. वर वडिलांची तसबीर, तिला हार. आत त्यांनी जन्मभर जमवलेली पुस्तकं. किल्ली अध्यक्षांच्या जानव्याला. वर्षातून एकदा, वडिलांच्या तिथीला, ते स्वतः येऊन कपाट उघडायचे, एकेक पुस्तक पंच्यानं पुसायचे आणि पुन्हा कुलूप लावायचे. एकदा मी ते पाहिलं आहे. पुसताना त्यांचे डोळे भरून आले होते. त्या पुस्तकांची कार्डं करू द्यावीत म्हणून मास्तर त्यांच्या किती मागे लागले असतील! शेवटी अध्यक्ष समोर खुर्ची टाकून बसले आणि त्यांच्यादेखत आम्ही कार्डं लिहिली. पुस्तकं घरी द्यायची नाहीत, बसून वाचायला द्यायची, असं ठरलं. निदान मास्तरांना तरी ते ठरलं असं वाटलं.

मास्तरांची शेवटची परीक्षा कागदावरची नव्हती. ती ऐकून आम्ही आधी हसलो आणि मग घाबरलो. प्रत्येकानं खाली सात रस्त्यावर जायचं आणि वाचनालयाची पायरी कधी न चढलेला एक माणूस घेऊन यायचं. त्याला काय हवंय ते त्याच्याकडून काढून घ्यायचं, कार्डांतून शोधायचं आणि त्याच्यापुढं ठेवायचं. मग मास्तर त्या माणसालाच विचारणार, "काम झालं का?" तो झालं म्हणाला तर उमेदवार पास. परीक्षक तो. मास्तरांच्या हाती काही नाही.

त्याच दिवशी पुण्याहून तपासनीस आले. मान्यता द्यायची की नाही ते त्यांच्या अहवालावर ठरणार होतं. दिवाणखान्यात अध्यक्षांच्या शेजारी त्यांची खुर्ची, पुढे चहा आणि चिवडा. परीक्षेची ही तऱ्हा ऐकून ते हसले. पण ते हसणं मोकळं होतं. "असं मी कुठं पाहिलं नाही," असं ते अध्यक्षांना म्हणाले आणि अध्यक्ष खुलले.

जेऊरच्यानं एका भाजीवालीला आणलं. ती पाटी दाराशी ठेवून आली आणि जमिनीवरच बसली. लिहिता-वाचता येत नव्हतं. तिचा लेक मुंबईला गिरणीत लागला होता, ते गाव कुठं आहे ते तिला बघायचं होतं. जेऊरच्यानं नकाशा काढला, तिचं बोट सोलापुरावर ठेवलं आणि हळूहळू मुंबईपर्यंत नेलं. बाईनं ते बोट परत मागं आणून पाहिलं.

"एवढंच व्हय? हितनं हितं?"

"एवढंच हाय की मावशी."

"काम झालं का बाई?" मास्तरांनी विचारलं.

"झालं की. लेकरू लई लांब न्हाय." बाई उठली आणि पाटी डोक्यावर घेऊन गेली. तपासनीस चहा प्यायचे थांबले होते. त्या क्षणी मान्यता आमच्या पदरात पडली होती, हे मी आजही शपथेवर सांगेन.

मग माझी पाळी आली. मी एका टांगेवाल्याला आणलं होतं. म्हातारा मुसलमान, चौकात रोज दिसायचा. तो आत यायला तयार नव्हता. "मेरे कू पढना आताच नहीं, मास्तर. अंदर आके क्या करूं?" म्हणाला. मी म्हटलं, चाचा, तुम्हाला कशाचं काही विचारायचंय का? त्यानं वळून घोड्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "किताब में घोडे के पांव का रहता क्या?" घोडा पुढच्या पायानं लंगडत होता. खूर गरम लागायचा. नालवाला झाला, वैदू झाला, गुण नव्हता. घोडा बसला की घर बसणार होतं.

मी कार्डं चाळली. कार्ड सापडलं तेव्हा मला केवढा आनंद झाला! घोड्यांच्या रोगांवरचं इंग्रजी पुस्तक, पलटणीतल्या कुणा डॉक्टरानं लिहिलेलं, सचित्र. कार्ड आमच्याच गोल अक्षरात. खाली जागा लिहिली होती, स्मृतिकपाट.

मी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी अध्यक्षांकडे. "साहेब, किल्ली द्या. इथंच बसून बघतो. मी वाचून सांगतो त्यांना."

अध्यक्षांचा हात जानव्याकडे गेला आणि तिथंच थांबला. हळू आवाजात ते म्हणाले, "मास्तर, वडिलांच्या हातची पुस्तकं आहेत ती. घोड्यापायी काढू?"

"ठरलंय आपलं. बसून वाचायला."

"सभासदांसाठी ठरलंय."

मास्तरांनी टोपी काढली. ती गुडघ्यावर आपटली नाही, नुसती हातात धरली. "यारिगे?" ते म्हणाले. दिवाणखान्यात कानडी कळणारे निम्मे होते, पण त्या वेळी ते सगळ्यांनाच कळलं. अध्यक्षांचं तोंड लाल झालं आणि त्यांचा हात जानव्यावरून खाली आला.

तेव्हा टांगेवाला उठला. आपल्यामुळे मोठी माणसं भांडताहेत, एवढं त्याला समजलं होतं. "रहने देव मास्तर," तो म्हणाला, "ताला हाय तो हाय." मास्तरांनी नियमाप्रमाणे त्याला विचारलं, "चाचा, काम झालं का?" त्यानं माझ्याकडे पाहिलं, खुर्च्यांवरच्या मंडळींकडे पाहिलं आणि चांगला हसून म्हणाला, "हौ, हौ. हुआ की काम. लई चांगलं हुआ."

मी सुटलो. तपासनीसांनी मान हलवली, अध्यक्षांनी श्वास सोडला. परीक्षक तो होता, त्यानं पास केलं होतं. मास्तरांनी एवढंच म्हणायचं होतं, बरं. त्या एका शब्दावर माझी जागा होती, जेऊरच्याची जागा होती आणि त्यांचा स्वतःचा वर्गही होता.

मास्तर म्हणाले, "चाचा, आमच्यासाठी खोटं बोलू नका." मग तपासनीसांकडे वळून म्हणाले, "साहेब, कार्ड म्हणतंय पुस्तक आहे. आम्ही ते दिलं नाही. असं कार्ड लिहायला मीच या पोरांना शिकवलं. आमचा वर्ग नापास."

तपासनीसांनी दोनदा विचारलं, "तुम्ही स्वतः म्हणताय?" दोनदा ते हो म्हणाले. बिचारे तपासनीस काय करणार? शिकवणारा गृहस्थ स्वतःच वर्ग अपात्र ठरवतो, असं त्यांनी लिहिलं. खोटं काय होतं त्यात?

लोक गेल्यावर माडीवर आम्ही मास्तरांना घेरलं. जेऊरच्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "मास्तर, त्या बाईचं काम झालं होतं की वो! आमचं काय आता? आमी कुटं जायचं?" मास्तर फळ्यावरचं वाक्य पुसत होते. मी म्हणालो, "तुम्ही सगळ्यांना विचारता ना, मग आज तुम्हाला विचारतो. हे जे केलंत ते कुणासाठी?"

ते पुसत राहिले. उत्तर नव्हतं म्हणून, की मला कळणार नाही म्हणून, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. फळा पुसून झाल्यावर हात झटकून ते जिना उतरले. त्या दिवशी मला त्यांचा तिरस्कार वाटला. आम्ही म्हणजे कुणीच नव्हतो का? येईल त्याच्या हाती पुस्तक द्यायला निघालेल्या माणसाला स्वतःच्या पुढ्यात बसलेली माणसं दिसू नयेत?

टांगेवाल्याचा घोडा त्या उन्हाळ्यात गेला. पुस्तकानं तो वाचला असता असं मी म्हणत नाही. म्हातारा पुढं मालधक्क्यावर हातगाडी ओढायला लागला.

मास्तर मैंदर्गीला भावाच्या दुकानात गेले, आणि वर्ग वर्षभरानं पुन्हा उघडला. अध्यक्षांनी एका निवृत्त कारकुनाला नेमलं. मास्तरांचाच अभ्यासक्रम, मास्तरांचंच अक्षर. फक्त परीक्षा कागदावर झाली. मान्यता लगेच मिळाली. जेऊरचा पुन्हा बसला, पास झाला आणि हायस्कूलच्या वाचनालयाची जागा त्याला मिळाली. मी गेलो नाही. तत्त्वबित्त्व काही नव्हतं. माझी बायको त्यावरून कित्येक महिने बोलत होती आणि तिचं चुकत नव्हतं. मला तो जिना पुन्हा चढवेना, एवढंच.

काही वर्षांनी त्या वर्गाच्या उत्तरपत्रिका तपासायला माझ्याकडे आल्या. जुना विद्यार्थी म्हणून मला विचारलं असावं. गठ्ठा सोडला आणि बघतच राहिलो. सगळ्या एका हातच्या वाटत होत्या. उभं, गोल, सुटं अक्षर. पहिलाच प्रश्न होता, 'ग्रंथालय वर्गाचा उद्देश लिहा.' उत्तर प्रत्येकानं तेच लिहिलं होतं, 'येईल त्याच्या हाती त्याला हवे ते पुस्तक देणारी माणसे तयार करणे.' नमुना उत्तरातही तेच छापलेलं. शब्द न् शब्द बरोबर लिहिला तर पूर्ण गुण द्यावेत, अशी खाली सूचना होती. मास्तर गाव सोडून गेल्यावर त्यांचं वाक्य वाचनालयाच्या समितीला आवडू लागलं होतं. आता ते दिवाणखान्यात पाटीवर रंगवलंय, असंही मला कळलं. कुठं? स्मृतिकपाटाच्या वर, तसबिरीशेजारी. कपाटाचं कुलूप होतं तिथंच होतं.

ती प्रश्नपत्रिका खिशात घालून मी मैंदर्गीला गेलो. त्यांना दाखवायची होती. बरं वाटेल म्हणून, की टोचेल म्हणून, देव जाणे.

बाजाराचा दिवस होता. भाऊ गल्ल्यावर, मास्तर आत पुड्या बांधत बसलेले. शेजारी रद्दीचा ढीग. म्हातारे दिसत होते, पण पेन्सिल कानावर होतीच. मला ओळखलं. "बसा मास्तर," म्हणाले. मला ते मास्तर म्हणाले. मी बसून बघत राहिलो. गिऱ्हाईक सुंठ मागायचं. हे विचारायचे, "कुणासाठी?" कुणी म्हणायचं, पोराला खोकला हाय. मग हे रद्दीत हात घालून पानं उलटायचे, खोकल्याचं काही असलेलं पान मिळालं की त्यात सुंठ बांधायचे. बियाणं नेणाऱ्याला शेतीचं पान. कानडी माणसाला कानडी पान. गिऱ्हाइकं ताटकळत होती आणि भाऊ आतल्या आत जळत होता.

"मास्तर, यांना वाचता कुठं येतं?" मी म्हणालो.

"ह्यांना न्हाई येत. त्यांच्या घरात कुणाला तरी येत असंल की."

मी प्रश्नपत्रिका पुढे केली आणि उत्तरपत्रिकांचं सांगितलं, पाटीचंही सांगितलं. त्यांनी पहिला प्रश्न वाचला. टोपी काढतील असं वाटलं, पण त्यांनी काढली नाही. तेवढ्यात एक बाई गूळ मागायला आली. "कुणासाठी?" "बाळंतिणीसाठी." मास्तरांनी हातातली प्रश्नपत्रिका पाहिली, उलटून मागची बाजूही पाहिली. मग ती बाजूला ठेवून रद्दीत दुसरं पान शोधायला लागले.

"हे कुणाच्याच कामाचं न्हाई," म्हणाले. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

नंतर एकदा अक्कलकोटला कामानं गेलो होतो, तेव्हा पुढं मैंदर्गीपर्यंत गेलो. दुकानात भाऊ एकटाच होता. मास्तर जाऊन दोन महिने झाले होते. मी सुंठ मागितली. भावानं ढिगाच्या वरचं पान न बघता फाडलं, पुडी बांधली आणि माझ्या हातात दिली. त्यानं काही विचारलं नाही.

घरी येऊन मी ती पुडी सोडली. पान दिव्याखाली धरून पुढून वाचलं, उलटून मागून वाचलं. माझ्या कामाचं त्यात काही नव्हतं.